पाचवा बिल्ला

गंधाली : चार झाली. पाचवं कुठंय?

कचरू : कोणतं पाचवं?

गंधाली : काका, माझ्या मोबाईलमध्ये तुमच्या नावावर पाच जनावरं दिसतायत. दोन बैल, एक गाय, तिचं वासरू, या चौघांना आत्ता लस दिली. पाचवी कालवड आहे. रंग तांबडा, बिल्ल्याचे शेवटचे आकडे पाच-नऊ. मागच्या संक्रांतीला गावात लसीकरण होतं तेव्हा मीच तिच्या कानात पिवळा बिल्ला मारलाय.

कचरू : ती व्हय. ती इकली.

नंदाबाई : ती माझ्या बहिणीकडं हाय. मंठ्याला.

गंधाली : विकली, की बहिणीकडं?

कचरू : बहिणीलाच इकली.

नंदाबाई : बहिणीला कोणी इकतं का हो! तशीच दिली. घरी दूध व्हावं म्हून.

गंधाली : मावशी, ती जेमतेम सव्वा वर्षाची आहे. दूध कुठलं देतेय?

नंदाबाई : देईन की पुढं. बहिणीला घाई न्हाई. तुमी च्या घ्या, म्याडम. बसा तरी. जाफराबादहून फटफटीवर आल्या, जीव शिणला असंल.

गंधाली : कडब्याच्या गंजीमागं काय वाजलं?

कचरू : मांजर.

गंधाली : मांजराला साखळी?

नंदाबाई : लई उनाड हाय ते.

गंधाली : बघू तरी.

कचरू : म्याडम, तिकडं शेण हाय, पाय भरतीन तुमचे.

गंधाली : गमबूट घालूनच फिरते मी, काका. सरकारी ढोराच्या डॉक्टरला शेणाची कसली भीती? सरका जरा... अहो! ही तर रोही आहे, नीलगाय!

नंदाबाई : तोरडी म्हणतो आमी तिला. ते पाय बघा ना, कसे पांढरे कडे हायेत! तोरड्या घातल्यावाणी दिसत्यात का न्हाई?

गंधाली : मावशी, रोही! कानात सरकारी बिल्ला घातलेली रोही! आणि नंबर... पाच-नऊ. म्हणजे हा मी...

नंदाबाई : तुमीच मारला. हात लई हलका हाय तुमचा. जराबी वरडली न्हाई.

गंधाली : मला कशी कळली नाही?

नंदाबाई : कशी कळंन? तवा तीन महिन्याची होती, माझ्या काखेत मावायची. म्या डोक्यावर लुगड्याचा तुकडा टाकला अन् नुसता कान बाहेर काढला. तुमी म्हणल्या, तोंड का झाकलं? म्या म्हणलं, सुईला भेती.

गंधाली : आठवलं. दोनशे जनावरं होती त्या दिवशी. कान पुढं आला की बिल्ला, कान पुढं आला की बिल्ला. खालच्या तोंडाकडं बघायला फुरसत कोणाला होती? मीच टाइप केलंय इथं : जात गावठी, स्वभाव गरीब.

कचरू : गरीब! परवा बैलाच्या बरगडीत लाथ घातली तिनं.

गंधाली : पण मावशी, कशासाठी हा उपद्व्याप?

नंदाबाई : लंपी आल्ती ना गावात. शेजारच्या भागवतच्या गाईच्या अंगावर ह्या येवढाल्या गाठी आल्या अन् आठ दिवसांत गाय गेली. मला रातभर झोप येईना. वाटलं, हिला झालं तर? सगळे आपापलं जनावर रांगेत पुढं करू राह्यले होते. म्या माझं केलं. त्यात काय चुकलं?

गंधाली : रोही वन्यप्राणी आहे. घरी बांधून ठेवणं गुन्हा आहे, मावशी. तुमच्यावर केस होईल. आणि मी गाय म्हणून तिची नोंद केलीय, माझी तर नोकरीच धोक्यात.

कचरू : घे! म्या वर्षभर हेच सांगून राह्यलो हिला. सोडून दे, सोडून दे. ऐकंन तर शपथ.

नंदाबाई : अन् आणली कोणी घरी?

कचरू : ते जाऊ दे आता.

नंदाबाई : काहून जाऊ दे? सांगा की म्याडमला. हिची माय भागवतच्या विहिरीत पडून मेली, म्याडम. कठडा न्हाई त्या विहिरीला. हे येवढंसं पिल्लू दोन दिवस काठावर उभं होतं, खाली वाकून वाकून बघायचं. अन् हेच आमचे मालक, रोहीचं नाव काढलं की शिव्या देणारे, उपरण्यात गुंडाळून घेऊन आले. शेळीचं दूध बाटलीनं पाजलं ते बी यांनीच. मी नुसती बाटली धुवायची.

कचरू : पिल्लू होतं. पिल्लाला काय कळतं हरभरा कोणाचा अन् तूर कोणाची.

गंधाली : आता कळतं का तिला?

कचरू : आता? गेल्या आठवड्यात दावं तोडून गेल्ती. पहाटं आली परत, तोंडाला हरभऱ्याचे घाटे. आमच्याच वावरातले! घरातलंच चोर निघालं.

नंदाबाई : चोर कसं? घरचंच खाल्लं.

गंधाली : थांबा. गळ्याला हे काय झालंय? कातडं पार सोललंय. कधीपासून बांधलीय साखळीनं?

नंदाबाई : तीन दिवस झाले. हळद लावून राह्यले मी, पण ती ओढ घेती म्याडम, उभी राहत न्हाई. ओढ्यात कळप आलाय ना. सकाळी ते ओरडतात, ही कान टवकारती. आधी मी आले की तोंड माझ्या पदरात घालायची. आता माझ्याकडं पाठ करून ओढ्याकडं बघत ऱ्हाती.

गंधाली : दाव्यानं बांधायची मग. बैलाची साखळी का?

नंदाबाई : ते यांना विचारा.

कचरू : दावं तोडती म्हणलं ना.

नंदाबाई : खरं सांगा की. तार.

गंधाली : कसली तार?

कचरू : काही न्हाई. कुंपणाची.

नंदाबाई : पाण्याच्या मोटारीच्या डब्यातून करंट घेतलाय हरभऱ्याभवती.

कचरू : घेतला न्हाई अजून! ताणून ठिवली नुसती. वरची बाजू झाली, खालची राह्यली. आज जोडणार होतो, तर सकाळपासून पक्कड घावंना. सगळं घर पालथं घातलं.

नंदाबाई : उंदरानं नेली असंन.

गंधाली : काका, तुम्ही माझ्यासमोर हे बोलताय, कळतंय का तुम्हाला? थेट लाइनचा करंट? भागवतकाकांची मुलगी पायल त्याच बांधावरून शाळेत जाते. मगाशी तिनंच मला तुमचं घर दाखवलं.

कचरू : दिवसा बंद ठिवणार होतो. मी काय कसाई हाय का?

गंधाली : आणि एखाद दिवस बंद करायचं विसरलात तर?

कचरू : म्याडम, तुमी कधी राखण केली का? दोन एकर हरभरा हाय. बारा रोही येतात, मधात बसतात, नुसतं खात न्हाई, लोळतात. मागच्या साली सगळा गेला. पेरलं आमी, खुरपलं आमी, अन् हिवाळाभर जेवले ते. त्यांना हात लावला तर केस. तुमच्यावाणी लोकांच्या कुत्र्यांना स्वेटर, रोहीला सरकारचं संरक्षण, अन् आमच्या बैलांना काय? वर्षातून एकदा ही सुई.

नंदाबाई : म्याडमच्या घरी कुत्रं हाय म्हणं. पलंगावर झोपतं.

गंधाली : हो. बर्फी. स्वेटरपण आहे तिला, खोटं कशाला बोलू. माझ्या आईनं विणलाय. तिला जुलाब लागले तर मी रजा टाकते. आणि तुमची गाय तापली होती तेव्हा मी तीन दिवसांनी आले.

कचरू : चार.

गंधाली : चार. बरोबर. त्याची लाज वाटते मला, काका. पण बावीस गावं आहेत माझ्याकडं आणि मी एकटी आहे. तुमचं नुकसान होत नाही असं मी म्हणणारच नाही. पण मला एक सांगा, तार तर रोहीसाठीच लावताय. मग हिला साखळीनं कशाला बांधलंत? सुटली असती, तारेला लागली असती. एक रोही कमी.

कचरू : ही काय रोही हाय का!

नंदाबाई : मंग काय हाय?

कचरू : तिला कडबा टाक आधी.

नंदाबाई : सांगा ना. मांजर?

कचरू : तू गप गं.

गंधाली : काका, साखळी अशीच राहिली तर जखमेत किडे पडतील, आठ-दहा दिवसांत ती बसेल, परत उठणार नाही. सोडली तर तुमची तार. आणि माझ्या हातात एकच गोष्ट आहे, वनरक्षकांना फोन करणं. तो मी आत्ता करणार. तुम्ही रागावलात तरी.

नंदाबाई : पिंजऱ्यात टाकतीन का हो तिला?

गंधाली : नाही टाकू देणार. मी बोलते.

(गंधाली गोठ्याबाहेर जाऊन फोन लावते. नंदाबाई तोरडीच्या गळ्याखाली हात धरून साखळीचा भार उचलून उभी. बऱ्याच वेळानं गंधाली परत येते.)

गंधाली : उद्या सकाळी येतायत. तब्येत चांगली आहे, कळपात जायचं वय झालंय, आणि कळप इथंच ओढ्यात आहे. मग इथंच सोडू म्हणाले, दोन-चार दिवस लांबून लक्ष ठेवतील. पिल्लू मेलं असतं म्हणून सांभाळलं, हे मी सांगितलं त्यांना. ओरडले, पण केस नाही करत म्हणाले.

कचरू : तारेचं सांगितलं का?

गंधाली : वीज जोडलेली नाही म्हणालात, म्हणून नाही सांगितलं. जोडणार असाल तर आत्ताच बोला, परत फोन लावते.

कचरू : दोन एकर हाय, म्याडम.

गंधाली : हे उत्तर नाही झालं.

नंदाबाई : उद्याच? तिळाचे लाडू करायचे होते मला तिच्यासाठी. मागच्या साली पाच खाल्ले.

गंधाली : आज करा, मावशी. एकच द्या पण. आता जखमेला औषध लावते, साखळी काढा, मऊ दोर घाला. आणि तिला धरा, बिल्ला कापायचाय.

नंदाबाई : बिल्ला? तो कशाला कापता? राहू द्या की!

गंधाली : बाभळीत अडकला तर कान फाटेल. आणि तो गाई-बैलांचा आहे, मावशी.

नंदाबाई : म्हूनच तर राहू द्या! बघणाराला कळंन, ही कोणाची तरी हाय. दगड मारताना हात थांबंन माणसाचा.

कचरू : बराबर बोलली ती. बिल्ला राहू द्या. म्या सांगतो काय करू. तार लावतो, पण खटका माझ्याजवळ ठिवतो. बॅटरी मारून बघायचं. पिवळा बिल्ला चमकला की खटका बंद. न्हाई चमकला तर चालू.

गंधाली : म्हणजे हिच्यापुढं चालणारी मेली तरी चालेल?

कचरू : ती आपली न्हाई.

नंदाबाई : हिची माय बी आपली नव्हती.

कचरू : नंदा...

नंदाबाई : मी वाईट न्हाई बोलले. आपली नव्हती येवढंच म्हणलं. तरी तुमी पिल्लू आणलंच ना?

कचरू : तुला म्हाईत न्हाई म्या काहून आणलं.

नंदाबाई : दया आली म्हून.

कचरू : दया कसली. ती विहिरीत पडली न्हाई. म्या पाडली. तुरीत शिरले होते सगळे. म्या सुतळी बॉम्बची माळ लावली अन् फेकली मधात. उधळले. बाकीचे ओढ्याकडं गेले, ती पिल्लासाठी मागं वळली, अन् धुरात तिला विहीर दिसली न्हाई. धप्प आवाज आला. मी काठावर गेलो. पोहत होती. गोल गोल. मला वर बघायची. म्या दोर आणायला पळालो, भागवतला हाका मारल्या, आमी दोघं आलो तवर ती... दोन दिवस मी पिल्लाला काठावर बघत होतो, मंग घेऊन आलो. सव्वा वर्ष झालं, कोणाला बोललो न्हाई. भागवतला बी वाटतं, आपोआप पडली.

नंदाबाई : म्हून तुमी त्या विहिरीचं पाणी पीत न्हाई.

कचरू : म्हून.

नंदाबाई : मला तर वाटलं, भागवतशी भांडण झालं.

गंधाली : काका, ते मुद्दाम केलं नव्हतं तुम्ही.

कचरू : मुद्दाम न्हाई केलं. पण तार तर मुद्दामच लावून राह्यलो होतो ना. जाऊ द्या. कापा तो बिल्ला. धर गं, नंदा. डोळ्यांवर हात ठिव तिच्या.

नंदाबाई : ये, माझी बाय. सुईवाल्या म्याडम हायेत त्या, भ्यायचं न्हाई. आता तोंडबी झाकायचं न्हाई.

गंधाली : झालं. काही दुखलं नाही तिला. काका, आता मोबाईलमधूनही हिची नोंद काढावी लागेल. कारण विचारतंय : मृत्यू, विक्री, हरवले. तिन्ही जमत नाहीत.

नंदाबाई : मेली लिहू नका हो. तिला वाचायला येत न्हाई, पण मला बरं वाटायचं न्हाई.

कचरू : इकली बी लिहू नका.

गंधाली : खाली 'इतर' आहे. काय लिहू?

नंदाबाई : माहेरी गेली, लिहा.

गंधाली : वरच्या साहेबांनी विचारलं तर?

नंदाबाई : विचारू द्या की. कोणाची कालवड माहेरी जाती, सांगा म्हणावं.

गंधाली : लिहिलं. 'चुकून नोंद' असंही कंसात टाकते, माझी चूक माझ्या नावावर असू दे. आणि काका, नुकसानीचा अर्ज मी तुम्हाला लिहून देते, मागच्या सालचाही फोटो असेल तर शोधा. भागवतकाकांकडं ते सौर कुंपणाचं मशीन आहे ना? त्याचा झटका बसतो, पण जीव जात नाही. तुमचा बांध त्यांच्या बांधाला लागूनच आहे.

कचरू : मागच्या महिन्यात म्हणला होता भागवत, तुझी बी बाजू जोडून घे म्हणून. मीच तोंड फिरवलं. त्याच्याकडं बघितलं की मला विहीर दिसती.

नंदाबाई : मंग आज जा. विहिरीचं बी सांगा त्याला. अन् म्हणा, कठडा दोघं मिळून बांधू. पायल पाणी शेंदती तिथं.

कचरू : सांगतो. आज सांगतो.

गंधाली : बघा, कशी उभी आहे. कान किती हलका झालाय तिचा.

नंदाबाई : आता नुसती रोहीच दिसती. आपली काही खूणच न्हाई राह्यली तिच्यावर.

कचरू : गळ्याची जखम हाय ना.

गंधाली : पंधरा दिवसांत भरून येईल ती. वर केस येतील.

कचरू : मंग पंधरा दिवसांनी बारा अन् एक तेरा येतीन हरभऱ्यात. सगळ्या तांबड्या, सगळ्यांच्या पायात तोरड्या. अंधारात म्या बॅटरी मारली, तर आपली कोणती ते कसं कळायचं, म्याडम?

गंधाली : नाही कळणार, काका.

कचरू : बिलकुल?

गंधाली : बिलकुल नाही.

कचरू : हं... नंदा, ती पक्कड बघ गं जरा नीट. दिस बुडायच्या आत तार सोडून घेतो. वरची बाजू लई आवळून बांधलीय म्या, हातानं सुटायची न्हाई.

नंदाबाई : घ्या. सकाळपासून कमरेलाच खोचलीय. तुमी झोपल्यावर मीच जाणार होते.